अक्काच्या एकवीस सकाळी

“दखाड व माय. कातडंच शे ना ते!” असं म्हणून अक्का दाखवायला लाजणाऱ्या बाईच्या नायट्यावर सरळ आपला तळहात ठेवायची.

त्या हातामुळे माझा फार जळफळाट व्हायचा. ऐंशीच्या दशकात धरणगावजवळच्या एका खेड्यात मी नवाकोरा दवाखाना थाटला होता. निंदणीला ओल्या लुगड्यात दिवसभर वावरणाऱ्या बायकांच्या कमरेवर, मांड्यांवर भाकरीएवढे नायटे उठायचे. पण माझ्याकडे यायचा ताप, फार तर खोकला. नायटा जायचा अक्काच्या ओट्यावर. आता तुम्हीच सांगा, एवढी वर्षं डॉक्टरकी शिकलेल्या माणसानं काय करावं?

अक्का टाकळ्याचा पाला वाटून लावायची. एकवीस सकाळी, स्वतःच्या हातानं. मधेच कुणी कंटाळलं की म्हणायची, “खाज थांबनी, पन रोग गया नही. सकायले ये.” आणि ती बाई मुकाट्यानं यायची. चुकून माझ्याकडे आलेल्या बायका मात्र चौथ्या दिवशी मलम बंद करायच्या. नायटा परत आला की मी त्यांच्यावर खेकसायचो.

एके दिवशी खुद्द अक्का माझ्या दारात उभी! “भाऊ, नायटानं मलम द्या.” हात पदराखाली. मला काय आनंद झाला म्हणता! लागला शेवटी हिच्याच हाताला नायटा, असं धरून मी ट्यूब दिली. कुणासाठी, हे विचारलंसुद्धा नाही. ती आणखी न्यायला आली, मग पुन्हा आली. हाताची दशा तरी पाहावी म्हणून एका सकाळी मी तिच्या ओट्याकडे गेलो.

हात स्वच्छ होते. वाटलेल्या पाल्यात ती माझी ट्यूब पिळत होती.

“हे औषध माझं आहे!” मी सगळ्या बायकांसमोर ओरडलो.

“हा भाऊ, मलम तुमनंच शे,” अक्का म्हणाली, “मी फक्त लाई देस.” लावून देते, एवढंच!

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी ओटा पुन्हा भरलेला. मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो.

पुढं तिचा मुलगा रेल्वेत लागला आणि तिला भुसावळला घेऊन गेला. मी सुटलो, असं मला वाटलं. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. मी बॅटरी घेऊन टेबलापलीकडूनच नायटा पाहिला, ट्यूब दिली, दोन वेळा लावायला सांगितलं.

“पाठवर शे, डाक्टर. लाई कोन दी?”

मी खुर्चीवरून उठलो, हात पुढे केला. ती दोन पावलं मागे सरकली. ट्यूब पदरात बांधत तिनं विचारलं, “भुसावळनी गाडी कितला वाजता शे?”

मी वेळ सांगितली. मग कपाट उघडून अक्कासाठी आणखी चार ट्यूबा तिच्या हातावर ठेवल्या.