दोघांनी मिळून ऐकायची रेकॉर्ड

सिडनीतल्या टूनगॅबीला माझ्या मुलीच्या घरामागे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे परसातलं छोटं घर आहे. तिथे विश्राम भाड्याने राहायचा. शिकायला म्हणून आला आणि इथलाच झाला. ट्रेनच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करायचा. चाळिशीचा, शांत, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारा. अशा माणसाला इंग्लंडमधल्या एका जुन्या पंक बँडचं वेड असेल, हे खिडकीतून रोज ऐकू आलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

"काय रे ओरडतात हे?" मी एकदा विचारलं.

"रागावलेत, काकू."

"कुणावर?"

"चाळीस वर्षं झाली. त्यांनाही आठवत नसेल आता."

वेड मूळचं थोरल्या भावाचं, राजीवचं. डोंबिवलीत एका खोलीत वाढलेल्या या दोघांचा एक नियम होता. नवी रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकायची ती दोघांनी मिळूनच. विश्राम इकडे आल्यावरही तो नियम मोडला नाही. फोन स्पीकरपाशी ठेवायचा आणि दोन देशांत दोघांनी गप्प बसून ऐकायचं.

लॉकडाउनमध्ये त्या बँडने चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. सगळे वादक सत्तरीला टेकलेले. विश्रामने ती मागवली, पण टपाल रखडलं आणि ती पोचली २०२१च्या एप्रिलमध्ये. त्याच आठवड्यात राजीवला कोविडने हॉस्पिटलात न्यावं लागलं. विश्रामला देशाबाहेर पडायची परवानगी मिळेना, आणि मग तिकडून येणारी विमानंही बंद झाली.

राजीवचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी पोहे द्यायला गेले होते. त्याने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला.

"आली ना? लाव की मग."

"तू घरी ये आधी. त्या मशीनच्या आवाजात काय ऐकणार?"

"विशू, लाव रे."

"नाही, दादा. घरी, नीट बसून."

राजीव हसला, खोकला, आणि "बरं" म्हणाला.

काहीतरी ऐकायचं राहिलं असलं की माणूस त्यासाठी घरी येतो, असं विश्रामला वाटत होतं. मलाही ते पटलं होतं.

राजीव गेला. अंत्यविधी विश्रामने फोनवर पाहिला. त्यानंतर त्याच्या खिडकीतून काहीच ऐकू येईना. रेकॉर्ड प्लास्टिकच्या वेष्टनात तशीच पडून होती.

"लावली असती तर," एवढंच तो एकदा म्हणाला. मी चहा टाकला.

महिन्याभराने एका रविवारी राजीवच्या बायकोचा, विनिताचा, फोन आला. विश्रामचे हात कणकेचे होते, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"भाऊजी, एक सांगायचं राहिलंय. ती गाणी ह्यांनी ऐकली होती. मोबाइलवर, हॉस्पिटलात. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले. विशूला वाईट वाटेल म्हणे."

विश्रामने परात बाजूला सारली.

"आवडली का त्याला?"

"म्हातारे झालेत म्हणाले, पण अजून भांडतायत."

"चारही ऐकली?"

"नाही. पहिली दोन झाली आणि दम लागला. उरलेली विशूबरोबर, म्हणाले."

विश्रामने हात धुतले, वेष्टन फाडलं आणि पहिली बाजू लावली. तिच्यावर दोनच गाणी होती. फोनवर विनिता ऐकत होती, दाराशी मी. ती संपल्यावर त्याने रेकॉर्ड उचलली, उलटी करून क्षणभर पाहिली आणि पाकिटात घातली.

"दुसरी बाजू?" विनिताने विचारलं.

"ती नको, वहिनी," तो म्हणाला. "ती त्याने ऐकलेली नाही."