पेंग्विनांचा हंगाम

झिंडेलफिंगेनच्या ऊर्मिला खांबेटेला पेंग्विन भेटले ते जर्मनीतल्या पहिल्याच हिवाळ्यात, टीव्हीवर. जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, शेजारीण जिन्यात हसून पुढे जायची, तेवढाच काय तो माणसांचा सहवास. पेंग्विनांना मात्र भाषा लागत नव्हती. दक्षिण ध्रुवाकडच्या त्यांच्या बेटावर एकदा जायचंच, हे तिने तेव्हाच ठरवलं.

नवरा वासुदेव मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. "पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणायचा. घोडं अडायचं ते रजेपाशी. बेटाकडे बोटी जातात नोव्हेंबर ते मार्च, आणि तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात माणसांची लग्नं सुरू होतात! वासुदेव घरातला थोरला. त्याच्यावाचून कुणाच्या डोक्यावर अक्षता पडतील तर शपथ. वर्षाची सगळी रजा पुण्याला जायची.

२००३ साली डॉक्टरांनी तिला सांगितलं, नजर कडेकडून विझत चालली आहे, उपाय नाही, बघायचं ते आत्ताच बघून घ्या. त्या वर्षी पुतणीचं लग्न निघालं. पुढच्या वर्षी भाच्याचं. "वहिनी, पेंग्विन काय पळून जाणार आहेत?" नणंद सुकन्या फोनवर म्हणाली, आणि ऊर्मिलेनेही मुकाट बॅग भरली. सुनांना तोंड फुटतं, पण फार उशिरा.

अखेर २००८च्या नोव्हेंबरात वासुदेव आपणहून म्हणाला, "आल्झो, तर मग ठरलं. डिसेंबरची बोट बुक केली." वरातीमागून घोडं! मधोमध उरलेला उजेडाचा ठिपकाही गणपतीतच धुक्यात गेला होता. तिने ते त्याला सांगितलंच नव्हतं. घरातला कोपरान्‌कोपरा हाताला पाठ होता, म्हणून निभावलं. आता सांगितलं तर तो बेत रद्द करील, म्हणून ती गप्पच राहिली. बोटीवर ती त्याचा हात धरून चालायची, पण ते तर नेहमीचंच होतं.

बेटावर पाय ठेवताच कलकलाट आणि कुजक्या मासळीचा वास अंगावर आला. वाटाड्याने बजावलं होतं, आपण पक्ष्यांजवळ जायचं नाही, ते आले तर हलायचं नाही. थोड्या वेळाने वासुदेवने तिचा दंड दाबला.

"ऊर्मिला, खाली बघ. अगदी पायाशी आलाय. मानेवरचा पिवळा पट्टा दिसला?"

तिने मान खाली घातली. राखाडी. नुसतं राखाडी. इतक्या वर्षांची हौस पायाशी उभी होती, आणि तिला हंबरडा फोडावासा वाटत होता. तो गिळून ती तशीच खाली बघत राहिली.

"किती देखणा आहे हो," ती शेवटी म्हणाली. "कसा टकामका बघतोय माझ्याकडे."

वासुदेव तिच्याकडे वळला.

"अगं, तो केव्हाच गेला," तो म्हणाला. मग हळूच, "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"मग आलो कशाला आपण?"

"तुम्ही एवढ्या हौसेने निघाला होतात," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला तरी दिसू देत."