समासातली पेन्सिल

वाचनालयातून दोन रहस्यकादंबऱ्या आणल्या. दोन्हींत तेच: किल्ल्याखालचं भुयार, गुप्त मंडळ, दडवलेला खजिना. पहिलीच्या समासांत कुणीतरी पेन्सिलीने लेखकाला झोडपलं होतं. "तेव्हा हा किल्लाच नव्हता." "ही तोफ आली कुठून?" ते भांडण शेवटच्या पानापर्यंत रंगलं होतं. दुसरीत सुरुवातीलाच "सनावळ्या अचूक, शाबास" आणि पुढचे सगळे समास कोरे. खरं बोलणाऱ्यापुढे आपण मान डोलावतो आणि उठतो. थापाड्यासमोर मात्र मांडी ठोकून बसतो.

पुस्तकं परत करताना ग्रंथपालबाई हसून म्हणाल्या, "ही पेन्सिल आमच्या इतिहासाच्या निवृत्त मास्तरांची. दुसरी कादंबरी त्यांनी अर्धवटच परत केली."

"आणि पहिली?"

"ती त्यांना पुन्हा हवीय. तुम्ही कधी आणून देताय, म्हणून रोज विचारून जातात."