पंढरीचे डोळे

धसईच्या बाजारापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत बऱ्याच घरांत भिंतीवरची मेलेली माणसं पंढरी फोटोवाल्याच्या डोळ्यांनी बघतात. त्याचाही इलाज नव्हता. पूर्वी पाड्यावर कोणी वारलं की लोकांना आठवायचं, याचा तर फोटोच नाही. मग तिरडी थांबवून पंढरीला बोलावणं जायचं. तो मयताला भिंतीशी टेकवून फोटो काढायचा आणि स्टुडिओत आल्यावर मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे चिकटवायचा. सुरुवातीला त्याने एका हिरोचे लावले, तर बायकोने नवऱ्याचा फोटो परत आणून दिला. गावातल्या कोणाचे लावावेत तर भांडणं. स्वतःचे डोळे फुकट होते आणि हाताशी होते. माझा मेलेला चुलता भिंतीवरून कित्येक वर्षं त्याच डोळ्यांनी माझ्या ताटाकडे बघतोय. आधी राग यायचा, आता सवय झाली.

हल्ली पंढरी एआयवर व्हिडिओ करतो. एक फोटो द्यायचा, काय घडायला हवं ते लिहायचं, की फोटोतला माणूस हलायला लागतो. लग्नसराईत मागणी फार. जन्मात कोणाला नमस्कार न केलेले आजोबा हळदीच्या स्क्रीनवर हात जोडून पाहुण्यांचं स्वागत करतात.

गेल्या उन्हाळ्यात सिद्धगडाखालच्या एका पाड्यावरून लग्न ठरलेली हर्षाली आली, आपल्या आईला, लहानीला, सोबत घेऊन. हर्षालीचा बाप मंगळू ती पाळण्यात असतानाच गेला. भिंतीवरचा त्याचा फोटो तिने ओढणीत गुंडाळून आणला होता. परीक्षा असो, ताप असो, लहानपणापासून ती त्या फोटोशीच बोलायची.

"हळदीला बाबानं माझ्याकडं एकदा बघायचं आन् डोक्यावर हात ठेवायचा," ती म्हणाली. "बाकी काय नको."

फोटो जुना, त्यात चिकटवलेले पंढरीचे डोळे पुसट झालेले. ते साफ यावेत म्हणून पंढरीने नमुना म्हणून स्वतःचा फोटो सोबत जोडला. मशीन डोळ्यांपाशी थांबणार नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मान वळवता वळवता मंगळूचे गाल भरले, त्याला मिशी फुटली आणि हात उचलेपर्यंत स्क्रीनवर धसईचा फोटोवाला पंढरी बसलेला. मी तिथंच चहा घेत होतो. हसू आलं होतं, पण हर्षालीचा चेहरा बघून गिळलं.

पंढरीने मग डोळ्यांची सगळी हकीकत सांगून टाकली.

"मला ठावं होतं," लहानी म्हणाली. "पोरगी फोटोशी बोलायची. तिला कसं सांगू?" तिने पोरीची हनुवटी धरून चेहरा पंढरीकडे वळवला. मग तीच म्हणाली, "त्याचे डोळे पायजे तर हिचे घे. बापाचेच हायेत."

पंढरीने हर्षालीचा फोटो काढला, जुन्या रीतीने तिचे डोळे मंगळूला चिकटवले आणि तो एकच फोटो मशीनला दिला. या वेळी मंगळू शेवटपर्यंत मंगळूच राहिला. त्याने मान वळवून बघितलं. लहानी खुर्चीवरून उठली. "ह्योच," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही भरून आलं, त्यात लाजायचं काय.

हर्षालीने पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा नीट बघितला.

"आये, ह्यो तू ठेव. तुझा माणूस हाय," ती म्हणाली. "पन माझा बाबा असा बघत नाय." मग पंढरीकडे वळली. "काका, हळदीला तुमी या."

"येतो की. कॅमेरा घेऊन येतो."

"कॅमेरा नको."

ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून पंढरी इस्त्रीचा शर्ट घालून पाड्यावर गेला. मलाही ओढत नेलं, एकट्याला धीर होईना. मांडवात स्क्रीनवर मंगळू बघत होता आणि लहानी हातातली हळद विसरून त्याच्यासमोर उभी होती. हर्षालीने पंढरीला बोलावलं. कॅमेऱ्याविना माणूस इतका अवघडतो हे मला माहीत नव्हतं. पिवळ्याजर्द पोरीच्या डोक्यावर त्याने हात ठेवला, पण नजर मांडवाच्या खांबावर.

"खांबाकडं काय बघताय काका," हर्षाली म्हणाली. "माझ्याकडं बघा."