वाटीतली पाखरं

काल सकाळी पाणी भरून, अंगण झाडून मी नुकतीच भाकरी टाकली होती. तेवढ्यात शेजारची सुमन रश्श्याची वाटी घेऊन आली. हे गेल्यापासून माझ्या एकटीसाठी ती अशी वाटी आणते.

दोन घास खाल्ले. दाताखाली काडीएवढं हाड आलं. म्हटलं, "कसली गो ही कोंबडी?"

"कोंबडी नाय, खाडीवरची पाखरं. आमच्या ह्यांनी मिठागरात जाळं लावलेलं. भावोजी बघायला जायचे ना, तीच."

मी घास थुंकून टाकला.

पाऊस सरला की ही तुतवार पाखरं पार उत्तरेकडून धरमतरच्या खाडीवर येतात. हे मिठागरात कामाला होते, दरवर्षी मला बांधावर न्यायचे. पाखरं कुठून येतात ते मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचून यांना सांगितलं, तेव्हा कितीतरी वेळ हे त्यांच्याकडे बघत उभे राहिले होते.

सुमन हसली. "कोंबडी चालते, नि ही नाय?"

मी उठून चूळ भरली. किळस मात्र अजून तोंडातून जात नाही. मैत्रिणींनो, तुम्ही तिला काय म्हणाला असता?

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. आज सकाळी मी ती घासून रिकामीच दिली.