पदराखालचे हात

कोणी छापलेला कागद पुढे केला की माझ्या ताईचे हात आपोआप पदराखाली जायचे. लग्नाची पत्रिका असो, देवळातल्या कीर्तनाचं पत्रक असो, नाहीतर साखरेच्या पुडीचा कागद असो. हात आत घ्यायचे आणि मला हाक मारायची, "कुसमे, वाच वं. माहे कान रिकामेच आहेत." बघणाऱ्याला वाटे, बाई संकोची आहे. संकोच कसला! त्या हातांवर किती छड्या बसल्या ते मला माहीत आहे, कारण मी त्याच वर्गात होते.

ताई, म्हणजे वत्सला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला आमचं घर आणि ओसरीवर बाबांचा हातमाग. आपल्या मुलींनी शिकावं ही बाबांची फार हौस. मी पटापट वाचू लागले. ताई मात्र तिसरीतच बसून राहिली, इतकी की शेवटी मीच तिच्या शेजारी येऊन बसले. एरवी ती कशातच कमी नव्हती. कीर्तन एकदा ऐकलं की घरी येऊन बुवांच्या खाकरण्यासकट ऐकवायची आणि आम्ही हसून लोळायचो. पुस्तक उघडलं की तीच मुलगी घामाघूम व्हायची.

आमचे गुरुजी रोज एकेकीला उभी करून धडा वाचायला लावत. ताईनं त्यावर उपाय काढला. ती बाबांसाठी कांड्यांवर सूत भरायला बसली की मी जवळ बसून धडा मोठ्यानं वाचायची. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची, ओळीखालून बोटसुद्धा फिरवायची. काही दिवस गुरुजी खूश होते. मग एकदा धडा पुढच्या पानावर गेला आणि ताई पान उलटायला विसरली. गुरुजींनी पुस्तक हिसकावून घेतलं. "वाचून नाही राहिली तू, चोरी करून राहिली!" असं म्हणून त्यांनी तिच्या दोन्ही हातांवर छड्या ओढल्या. एकदा ऐकून अख्खा धडा पाठ करणाऱ्या मुलीला चोर म्हणतात? इतकी वर्षं झाली, माझं डोकं अजून तापतं.

घरीही उपचार सुरू झाले. बाबांनी ब्राह्मीचं तेल आणलं, आईनं अंगारा लावला, शेजारच्या काकांनी तिला आपला चष्मा घालून पाहिला. कोणी आळशी म्हणालं, कोणी म्हणालं डोक्यात भुसा भरलाय. एवढ्या शहाण्या माणसांतल्या एकालाही, "पोरी, तुला दिसतं तरी काय?" असं विचारावंसं वाटलं नाही. मी विचारलं, तेही सहज. ताईनं हातातली कांडी खाली ठेवली.

"अक्षरं एका जागी बसून राहत नाहीत वं. आता 'घ' पाहिला, पुन्हा पाहाले जावं तं त्याचा 'ध' होते. काना-मात्रा कोनाचा कोनाले लागते, समजतच नाही. अन् एक शब्द जुळवेपर्यंत मागचा पळून जाते. तुले असं होत नाही?"

"नाही."

"मंग मलेच काहून होते?"

याचं उत्तर मला म्हातारपणी मिळालं, माझ्या नातीच्या शाळेतल्या बाईंकडून. याला 'डिस्लेक्सिया' म्हणतात, म्हणाल्या. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, शिकवण्याची रीत तेवढी बदलावी लागते. ताई तोवर जगातून गेली होती. घरी येऊन मी रडले नाही, भांडी आपटली.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी शाळेत लाडू वाटले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईचं नाव शाळेतून काढलं. पण वाचनानं तिची पाठ सोडली नाही. आमच्याकडे तेव्हा मुलगी बघायला आले की तिच्याकडून चार ओळी वाचून घ्यायची पद्धत होती. पहिले पाहुणे काटोलहून आले. बाबांनी मुद्दाम घरचं पुस्तक मांडून ठेवलं होतं, ताईला त्यातलं पान पाठ होतं. मुलाच्या मामानं त्या पुस्तकाकडे बघितलंही नाही. त्यानं कोटाच्या खिशातून वर्तमानपत्र काढलं. ताई पहिल्याच ओळीत अडखळली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडखळली. मामा पोहे संपवून उठला आणि दारातच बाबांना म्हणाला, "मुलगी मठ्ठ आहे."

पुढच्या खेपेला रामटेकचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, त्यामुळे मुलाच्या आईचा फार तोरा. तिनंच सोबत आणलेलं पुस्तक पुढे सरकवलं. "वाच पोरी. शिकली आहे म्हनतात, तं पाहू दे."

ताईचे हात पदराखाली गेले. बाबांनी डोळे वटारले. ताईनं मान वर केली. "मावशी, आधी तुम्ही वाचा."

बाई हसली. "आमच्या वक्ताले कुठं होती वं शाळा?"

"तुमाले कोनी शिकवलं नाही म्हनून येत नाही. मले मारून मारून शिकवलं, तरी येत नाही. मंग मीच काहून मान खाली घालून बसू?"

पाहुणे पोहे अर्धवट टाकून निघाले. बाबा दिवसभर नाक कापलं, नाक कापलं करत होते. मी मात्र स्वयंपाकघरात अशी खूश झाले होते की काय सांगू! पण बोभाटा व्हायचा तो झालाच. नंतर दारात कोणी आलं नाही. शेवटी खापा गावचा एक बिजवर मिळाला, ताईहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याला वाचणारी नको होती, रांधणारी हवी होती. बाबांनी एका बैठकीत होकार दिला. डागी लुगडं कमी भावात काढून टाकावं तशी माझी ताई काढून टाकली. भावजी माणूस वाईट नव्हते, हे तिचं नशीब. सासरी जाताना मला जवळ घेऊन ती एवढंच म्हणाली, "आता वाचून कोन दाखवन वं मले?"

तिची मुलगी मंदा दुसरीत होती तेव्हा मी खाप्याला गेले होते. तिच्यासाठी चित्रांचं पुस्तक नेलं होतं. दुपारच्या सुटीत ती घरी आली, मी पुस्तक पुढे केलं आणि पोरीनं दोन्ही हात परकराच्या घोळात लपवले. ताई भाकरी थापत होती. ती थांबली. उठून तिनं मंदाचे हात बाहेर काढले आणि तळवे उघडून पाहिले. दोन्हींवर ताजे वळ होते.

ताई मंदाला धरून पिठाच्या हातांनीच शाळेत निघाली आणि तिच्या मागे मी. गुरुजी वर्गावर होते, छडी हातातच होती. मंदा तिच्या जागेवर जाऊन बसली.

"मी मंदाची माय," ताई म्हणाली.

"तुमची मुलगी आळशी आहे, बाई. जाणूनबुजून वाचत नाही."

"थे आळशी नाही, गुरुजी. हे तिनं माह्यापासून घेतलं. मले बी वाचता येत नाही. माराचं असन तं मले मारा." आणि ताईनं पदराखालून उजवा हात काढला आणि तळवा वर करून गुरुजींपुढे धरला, तिसरीत धरायची अगदी तसाच.

गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली. शरमेनं नव्हे. दुसऱ्याच्या बायकोवर हात उगारता येत नाही, म्हणून. दुसऱ्याच्या मुलीवर येतो.

"घरी जा, बाई."

"आधी सांगा. उद्या मारसान का?"

सगळा वर्ग बघत होता. गुरुजींनी घसा साफ केला, खिडकीकडे पाहिलं आणि शेवटी तोंडातल्या तोंडात "नाही" म्हणाले. ताईनं हात खाली घेतला, पण पदराखाली नेला नाही. मंदाच्या शेजारी सतरंजीवर जाऊन तिनं मांडी घातली.

"शिकवा आता," ती म्हणाली. "मी बी ऐकून राहिली. माहे कान रिकामेच आहेत."