गव्हावर दळलेली बाजरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — देवापुढंसुद्धा हा विषय टाळूनच हात जोडले. तुला सांगतेय, पण मध्येच 'बिचारी' म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवू नकोस. मला ते खपत नाही.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. ती मला आवडत नव्हती — हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं. आमचं गाव पाथर्डीकडचं, कोरडं. ती कोपरगावकडची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा अख्खी आळी तिचा रंग बघायला लोटली. नितळ, तुकतुकीत कातडी, औषधाला डाग नाही. सासूबाई येईल त्या बाईला सांगायच्या, "आमच्या धाकलीला हात लावला तर मळंल." बारा वर्षं मी त्या घरात राबले, माझ्याबद्दल असं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. म्हणून जळत होते का? हो, जळत होते.

लेक झाल्यावर तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर बारीक फोड उठले. खाज अशी, की ओरबाडून रक्त काढायची. मलमं झाली, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या, देवीची ओटी भरून झाली. पोट कायम बिघडलेलं — फुगायचं, ढाळ लागायचे — पण पोटाचा आणि कातडीचा काही संबंध असेल हे आमच्यात कुणाच्या डोक्यात येणार? शेवटी नगरला एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरलं. सोबत कोण? मीच.

बाईंनी फोड बघितले आणि विचारलं पोटाचं. सुनंदानं ढाळांचं, पोट फुगण्याचं सांगितलं. तपासण्या झाल्या, आणि पुढच्या खेपेला त्यांनी समजावलं — हिला गहू सोसत नाही. गव्हानं आतडं आतून सोलवटतं आणि त्याचा त्रास असा कातडीवर उठतो. गोळ्या दिल्या, पण खरं औषध एकच. गहू बंद, कायमचा. चपाती, रवा, बिस्किट, काही नको, चिमूटभरही नको. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गिरणीत जपा. गव्हावर दळलेलं पीठ हिला चालणार नाही."

दळण नेणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. आधी ज्याचं धान्य निघालं त्याचं पीठ चक्कीत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून तर आपण विचारतो, आत्ता कशावर चाललंय? उपासाचं दळायचं असलं की चक्की झाडून घ्यायला लावतो. आमच्या घरात दळणाचं काम माझं. "गिरणीची काळजी सोड, मी बघते," असं मी येताना एसटीत सुनंदाला म्हणाले.

आणि बघितलंही. काही महिने डबा घेऊन ताटकळत बसले, बाजरीवरच बाजरी दळून आणली. फोड सुकले. पोट थाऱ्यावर आलं, अंग भरलं, गाल पुन्हा तुकतुकीत झाले — आणि सासूबाईंचं तेच सुरू. डॉक्टरीणबाईंचं कौतुक, सुनंदाच्या पथ्याचं कौतुक. गिरणीत मोडलेल्या माझ्या दुपारांचं? नाव नाही.

एक दिवस गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, आत्ताच गहू निघाल्यात. थांबता, का टाकू ह्याच्यावरच?"

मी म्हणाले, "टाक."

एवढंच. त्या दिवशी ऊन होतं, घाई होती, असं स्वतःला सांगून बघितलं. पुढच्या खेपेला घाई नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला तर बाजरीच चालू होती — आणि मी गव्हाचं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबले. थांबले, कळतंय का तुला? मी काही कालवलं नाही, हाताला पीठसुद्धा लागलं नाही. किती स्वच्छ काम!

फोड परत आले. घरात एकच बोलणं — ही चोरून चपाती खाते. सुनंदानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलतीय. हिला गव्हाबिगर घास उतरत न्हाई." मी काय म्हणाले? "जात आसंल एखादा घास, आत्याबाई. मानूसच हाय." बघ, किती समजूतदार! त्या एका वाक्यानं तिची शपथ मातीत गेली. दिरानं तिला नगरला न्यायचं बंद केलं. पथ्य पाळत नाही तिला डॉक्टर कशाला? चौकटीला पाठ घासत उभी राहायची ती. मी बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी डबा उचलायचे. गिरणीचा संशय तिला कधी आला नाही, कारण गिरणीत मी होते.

आठ महिने चाललं हे. मग मला पाझर फुटला असं वाटतंय? छे. शेजारणीचं बघून सासूबाईंनी घरघंटी घ्यायला लावली, म्हणून थांबलं. दळण सुनंदाच्या हातात गेलं. ती घंटी झाडूनपुसून आपली बाजरी आधी दळायची, घरचा गहू नंतर. हळूहळू फोड गेले.

आणि एका दुपारी मी तूर निवडत होते तेव्हा ती येऊन शेजारी बसली. माझ्याबरोबर खडे वेचायला लागली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला एकटीला सांगते. होळीला लेकीच्या ताटातला पुरणपोळीचा एक घास मी खाल्ला हुता. त्या एका घासानं समदं झालं. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोलले." रडत होती. तुम्ही माझ्यासाठी गिरणीत एवढ्या ताटकळल्या आणि मी असं केलं, म्हणाली.

तेव्हा बोलता आलं असतं. तोंडात जीभ होती, घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं. पुन्यांदा असं करू नकोस."

ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.